गोलंदाज जॉन रायली आणि संत पॅट्रिकची पलटण

आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्मरणिकेत बहुधा आपल्याच पूर्वजांच्या व कर्त्या पुरुषांच्या हकीकती येतात, आणि ते योग्यच आहे. यंदा मात्र आम्ही ती वाट थोडी सोडून एका परक्या देशातील, परक्या धर्माच्या एका सामान्य शिपायाची कथा ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहोत. हा शिपाई राजा नव्हता, सेनापतीही नव्हता. पोटासाठी घर सोडून निघालेला, तोफेवर काम करणारा तो एक गोलंदाज होता. त्याचे नाव जॉन रायली.

ही कथा निवडण्याचे कारण असे की, आज आपल्या ज्ञातीत असे घर क्वचितच सापडेल की ज्यातील एखादा मुलगा किंवा मुलगी चरितार्थासाठी दूर गेलेली नाही. कोणी पुण्या-मुंबईस, कोणी आखाती देशांत, तर कोणी थेट अमेरिकेत जाऊन राहिले आहे. घर सोडून गेलेल्या माणसाने कोणाचे मीठ खावे, कोणाशी इमान राखावे आणि ज्या मुलखात तो जातो त्या मुलखाने त्याच्याशी कसे वागावे, हे प्रश्न केवळ पुस्तकी नाहीत. रायलीच्या आयुष्यात हे तिन्ही प्रश्न तोफेच्या तोंडाशी येऊन उभे राहिले. इतिहासाने त्याला एका तीरावर फितूर ठरविले व दुसऱ्या तीरावर वीर ठरविले. त्यांपैकी खरे कोणते, हे वाचकांनी शेवटी स्वतःच ठरवावे.

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर गॉलवे परगण्यात क्लिफ्डन नावाचे एक लहानसे गाव आहे. समोर अटलांटिक महासागर आणि पाठीशी खडकाळ डोंगर, असा हा प्रदेश. जमीन हलकी, आणि तीही बहुतेक मोठ्या जमीनदारांची. कुळांनी बटाटे पिकवावे, तेच खावे आणि खंड भरावा, असा तेथील शिरस्ता होता. रायली याच गावचा. त्याच्या पूर्वजांच्या काळी, म्हणजे अठराव्या शतकात, इंग्रजी अमलाखाली कॅथलिक पंथाच्या आयरिश माणसाला जमीन खरेदी करण्यास, शाळा चालविण्यास व सरकारी हुद्दा धारण करण्यास कायद्याने बंदी होती. हे कायदे हळूहळू सैल होत गेले. डॅनियल ओकॉनेल याच्या चळवळीमुळे इसवी सन १८२९ मध्ये कॅथलिकांना पार्लमेंटात बसण्याचा हक्क मिळाला. परंतु कायदा बदलला म्हणून दारिद्र्य लगेच हटत नसते. गावोगावचे तरुण जहाजात बसून अमेरिकेची वाट धरू लागले, आणि रायलीही त्याच वाटेने गेला.

तो कॅनडामार्गे मिशिगन प्रांतातील मॅकिनॅक या बेटावर पोहोचला. तेथे काही काळ मजुरी करून सप्टेंबर १८४५ मध्ये तो अमेरिकेच्या सैन्यात भरती झाला. त्याची पलटण पाचवी पायदळ पलटण होय. योगायोग असा की, त्याच महिन्यात आयर्लंडात बटाट्याच्या पिकावर करपा पडल्याच्या पहिल्या बातम्या आल्या. त्यानंतरच्या सात वर्षांच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे भुकेने व रोगाने मेली, आणि त्याहूनही अधिक माणसे देश सोडून गेली. म्हणजे रायलीने मागे वळून पाहावे, तर मागे घर म्हणण्याजोगे फारसे काही उरणार नव्हते. ही गोष्ट त्याचा न्याय करताना आपण विसरता कामा नये.

आता अमेरिकेची स्थिती पाहू. जी भूमी सर्वांना आसरा देते म्हणून प्रसिद्ध, तेथेही त्या काळी आयरिश माणसाचे स्वागत आनंदाने होत नव्हते. अमेरिकेतील बहुसंख्य लोक प्रॉटेस्टंट पंथाचे. कॅथलिक आयरिश म्हणजे अडाणी, दारुडा आणि रोमच्या पोपचा ताबेदार, अशी समजूत तेथे पसरली होती. १८३४ मध्ये बॉस्टनजवळ चार्ल्सटाउन येथे जमावाने जोगिणींचा एक मठ जाळला. १८४४ मध्ये फिलाडेल्फिया शहरात मोठे दंगे होऊन दोन कॅथलिक देवळे भस्मसात झाली. अशा काळात ज्याला दुसरे काम मिळत नसे, तो आयरिश तरुण सैन्यात जाई. जनरल झॅकरी टेलर याच्या हाताखालील सैन्यात जवळजवळ निम्मे शिपाई परदेशात जन्मलेले होते आणि त्यांत आयरिशांचा भरणा सर्वांत मोठा होता. पगार महिना सात डॉलर. अधिकारी मात्र बहुतेक सर्व अमेरिकेतच जन्मलेले. क्षुल्लक चुकीसाठी शिपायाचे हातपाय बांधून, गुडघ्यांखाली काठी अडकवून, तोंडात बोळा कोंबून त्याला तासन् तास उन्हात बसवीत. कोणाला अंगठ्यांनी टांगीत, कोणाला फटके मारीत. शिस्त सर्व सैन्यांत असते हे खरे. परंतु एका जातीच्या शिपायास एक न्याय व दुसऱ्या जातीच्या शिपायास दुसरा न्याय असे दिसू लागले, म्हणजे त्या शिस्तीचे नाव बदलते. हे आम्ही आपल्या ज्ञातिबांधवांना अधिक फोडून सांगण्याची गरज नाही.

याच सुमारास अमेरिका व मेक्सिको यांच्यात तंटा पेटला. टेक्सास हा पूर्वी मेक्सिकोचा प्रांत. तो १८३६ मध्ये फुटून निघाला व डिसेंबर १८४५ मध्ये अमेरिकेत सामील झाला. त्याची दक्षिण सरहद्द कोणती, हा वादाचा मुद्दा. मेक्सिको म्हणे न्युएसेस नदी, अमेरिका म्हणे त्याहून बरीच दक्षिणेस असलेली रिओ ग्रँड नदी. राष्ट्राध्यक्ष पोल्क याने टेलरला सैन्यासह थेट रिओ ग्रँडच्या काठी पाठविले. मार्च १८४६ च्या अखेरीस अमेरिकन छावणी उत्तर तीरावर पडली, आणि समोर दक्षिण तीरावर मातामोरोस हे मेक्सिकोचे शहर होते. नदी इतकी अरुंद की पलीकडच्या देवळांतील घंटा अलीकडे ऐकू येत.

मेक्सिकोचे लोक कॅथलिक. त्यांच्या सेनापतींनी, प्रथम आम्पुदियाने व मागाहून आरिस्ताने, अमेरिकन छावणीत पत्रके धाडली. आपल्याच धर्माच्या लोकांवर शस्त्र का उचलता, इकडे या, जमीन देऊ, मान देऊ, असा त्यांचा आशय होता. कित्येक शिपाई नदी पोहून पलीकडे गेले. काही बुडाले, काहींना पहारेकऱ्यांच्या गोळ्या लागल्या. १२ एप्रिल १८४६ या दिवशी, म्हणजे ईस्टरच्या रविवारी, जॉन रायलीही छावणी सोडून मातामोरोसला गेला. त्या दिवशी दोन्ही देशांत युद्ध जाहीर झालेले नव्हते. ते १३ मे रोजी झाले. हा एका महिन्याचा फरक वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे याच फरकावर एका माणसाचे प्राण तोलले गेले.

मेक्सिकोच्या सैन्याने रायलीला लेफ्टनंटचा हुद्दा दिला. पगार सातावरून सत्तावन्न डॉलरवर गेला. केवळ पैशासाठी तो फितला असे म्हणणाऱ्यांना हा आकडा पुरेसा वाटतो. परंतु आमच्या मते हिशेब इतका सोपा नाही. अमेरिकेचे सैन्य श्रीमंत, सुसज्ज व चढत्या पक्षाचे होते. मेक्सिकोचा खजिना रिकामा, पगार वेळेवर मिळण्याची खात्री नाही, आणि पकडला गेला तर पाठीची सालडी निघणार हे निश्चित. निव्वळ नफा पाहणारा माणूस हरणाऱ्या बाजूकडे जाऊन शेवटपर्यंत तेथेच टिकत नाही. रायली टिकला.

मेक्सिकोला त्याची गरज का होती, हे समजण्यासाठी त्या काळच्या तोफखान्याचे काम थोडे जाणून घेतले पाहिजे. तोफ एकटा माणूस चालवीत नसे. प्रत्येक तोफेमागे सहा-आठ जणांचे पथक असे आणि प्रत्येकाचे काम ठरलेले असे. बार उडाल्यावर एकाने ओला बोळा लावलेला दांडा नळीत फिरवून आतील ठिणग्या विझवायच्या, त्या वेळी दुसऱ्याने तोफेच्या कान्यावर अंगठा घट्ट दाबून वारा आत जाऊ द्यायचा नाही. मग तिसऱ्याने दारूची थैली व गोळा आणून द्यायचा, पहिल्याने तो ठासायचा, आणखी एकाने कान्यातून सळई घालून थैली फोडायची, नायकाने नेम धरायचा व मग बत्ती द्यायची. कान्यावरचा अंगठा क्षणभर सरकला किंवा एक ठिणगी आत राहिली, तर ठासणाऱ्याचा हात खांद्यापासून उडालाच म्हणून समजावे. तोफांची नावे गोळ्याच्या वजनावरून पडत. सहापौंडी तोफेचा गोळा सुमारे पावणेतीन किलोचा, तर चोवीसपौंडी तोफेचा जवळजवळ अकरा किलोचा असे. शत्रू जवळ आला म्हणजे गोळ्याऐवजी छऱ्यांचे डबे भरीत, आणि एका बारात माणसांची रांगच्या रांग झोपे. हे काम गोंधळ न होता, मिनिटामागून मिनिट चालविणारा गोलंदाज तयार होण्यास वर्षे लागतात. मेक्सिकोपाशी शूर शिपाई पुष्कळ होते, परंतु तोफा जुन्या, दारू हलकी आणि कसलेले गोलंदाज थोडे. रायलीला हे काम अवगत होते, एवढेच नव्हे तर इतरांस शिकविण्याची हातोटीही त्याच्यापाशी होती. त्याने आयरिश व इतर परदेशी शिपायांचे एक तोफपथक उभे केले. पहिले पथक अठ्ठेचाळीस जणांचे होते.

मे १८४६ च्या आरंभी अमेरिकनांच्या नदीकाठच्या किल्ल्यावर मेक्सिकन तोफांनी सहा दिवस मारा केला. त्यात रायलीचे गोलंदाज होते. सप्टेंबरात मॉन्टेरे शहराच्या लढाईत त्यांच्या तोफांनी अमेरिकन हल्ले पुनःपुन्हा परतवून लावले. अखेर मेक्सिकन सेनापतीने तहाच्या अटींवर शहर सोडले, आणि आपले सैन्य हत्यारांसह बाहेर काढले. त्या वेळी रांगेतून जाणाऱ्या रायलीला त्याच्या जुन्या सोबत्यांनी ओळखले आणि शिव्यांचा व छीःथूचा वर्षाव केला. तो तोफेच्या गाड्याबरोबर पुढे चालत राहिला.

यापुढे या पथकास संत पॅट्रिकची पलटण हे नाव पडले. संत पॅट्रिक हा आयर्लंडचा ग्रामदेवतेसारखा रक्षक संत. पलटणीचा ध्वज हिरव्या रेशमाचा, त्यावर संत पॅट्रिकचे चित्र व आयरिश वीणा. हा ध्वज सान लुइस पोतोसी येथील जोगिणींनी शिवून दिला, असे सांगतात. पलटणीत सारेच आयरिश नव्हते. जर्मन होते, स्कॉटिश होते, इतरही युरोपियन होते. पण बहुतेक सर्व गरीब, कॅथलिक आणि देशोधडीस लागलेले. पुढे तिची संख्या दोनशेच्या आसपास गेली.

२२ व २३ फेब्रुवारी १८४७ या दोन दिवसांत बुएना व्हिस्टा येथे मोठी लढाई झाली. मेक्सिकोचा सरसेनापती सांता आना याने आपल्या सर्वांत जड तोफा संत पॅट्रिकच्या पलटणीकडे सोपविल्या. त्यांनी उंचवट्यावर मोर्चा बांधून अमेरिकन रांगांवर असा मारा केला की, टेलरला त्या तोफा घेण्यासाठी मुद्दाम घोडेस्वार धाडावे लागले आणि ते हात हलवीत परत आले. अमेरिकनांच्या दोन सहापौंडी तोफा त्या दिवशी मेक्सिकनांच्या हाती लागल्या, आणि त्याचे श्रेय या पलटणीस देण्यात आले. किंमतही तशीच पडली. पलटणीतील सुमारे एक तृतीयांश माणसे मारली गेली किंवा जायबंदी झाली. रात्री सांता आनाने सैन्य मागे घेतले आणि मैदान अमेरिकनांकडे राहिले. तथापि पलटणीतील काही जणांना मेक्सिकोने पदके दिली, आणि रायलीची बढती झाली.

यानंतर अमेरिकेने डाव बदलला. जनरल विनफिल्ड स्कॉट याने मार्चमध्ये वेराक्रूझ बंदरावर फौज उतरवून थेट राजधानीचा रस्ता धरला. एप्रिलात सेरो गोर्दो येथे मेक्सिकन सैन्याचा पाडाव झाला. तोफा गेल्या, तेव्हा संत पॅट्रिकच्या गोलंदाजांच्या हाती बंदुका देऊन त्यांच्या दोन पायदळ तुकड्या करण्यात आल्या. २० ऑगस्ट १८४७ रोजी राजधानीच्या वेशीवर, चुरुबुस्को येथील दगडी मठात ते शेवटच्या मोर्चावर उभे राहिले. तेथे तोफा होत्या, आणि त्यांवर पुन्हा त्यांचेच हात होते.

चुरुबुस्कोची लढाई ऐकताना शाळेतील मुलेही स्तब्ध होतात, असा आमचा अनुभव आहे. एका ठिणगीने दारूचा साठा पेटला आणि मठातील जनरल आनाया व कित्येक गोलंदाज भाजून निघाले. दारूगोळा संपत आला. नवा गाडा आला तो उघडून पाहतात तो त्यातील काडतुसे इतर मेक्सिकन शिपायांच्या बंदुकांत बसेनात. ती बसली फक्त संत पॅट्रिकवाल्यांच्या बंदुकांत! मेक्सिकन शिपायांनी पांढरे निशाण वर केले, तेव्हा आयरिशांनी ते ओढून खाली पाडले. असे एकदा नव्हे, अनेकदा झाले. मेक्सिकन शिपाई शरण गेला तर तो युद्धकैदी. संत पॅट्रिकवाला शरण गेला तर तो फितूर, आणि त्याच्या वाट्याला दोर. शेवटी एका अमेरिकन अधिकाऱ्यानेच आपला पांढरा रुमाल उंचावून ती कत्तल थांबविली. पस्तीस जण तेथे पडले होते. पंच्याऐंशी पकडले गेले. त्यांत जखमी रायली होता.

येथे एका दुसऱ्या माणसाचे स्मरण करणे आम्हांस अवश्य वाटते. त्याच दिवशी, त्याच चुरुबुस्कोच्या रणांगणावर, अमेरिकेच्या एका ब्रिगेडचे नेतृत्व जेम्स शील्ड्स नावाचा अधिकारी करीत होता. हा शील्ड्सही आयर्लंडात जन्मलेला, टायरोन परगण्यातला, कॅथलिक आणि तरुणपणी अमेरिकेत आलेला. त्याला मात्र तेथे वकिली करण्याची, निवडून येण्याची, न्यायासनावर बसण्याची संधी मिळाली. सेरो गोर्दोच्या लढाईत त्याच्या छातीतून गोळी आरपार गेली, तरी तो बरा होऊन पुन्हा रणात उतरला. पुढे तो इलिनॉय, मिनेसोटा व मिसुरी अशा तीन निरनिराळ्या राज्यांतर्फे अमेरिकेच्या सिनेटमध्ये बसला. हा मान दुसऱ्या कोणासही मिळालेला नाही. एकाच बेटावरची दोन माणसे, एकाच पंथाची, एकाच रणभूमीवर समोरासमोर! अमेरिकन सैन्यातील बहुतेक आयरिश शिपाई शपथेस जागले आणि हालअपेष्टा सोसूनही आपल्या निशाणाखाली लढले, हेही सत्य आहे. त्यांचे शौर्य रायलीच्या शौर्याहून कमी नव्हते. हे न सांगता रायलीचे गुणगान करणे हा अर्धा इतिहास झाला असता.

बहात्तर कैद्यांवर दोन लष्करी न्यायालयांपुढे खटले चालले. रायलीवर खटला चालविणाऱ्या न्यायालयाचा प्रमुख कर्नल बेनेट रायली हाही आयरिश वंशाचा व त्याच आडनावाचा होता, ही नियतीची थट्टाच म्हणावी. जवळजवळ सर्वांना देहान्ताची शिक्षा झाली. मग ते कागद जनरल स्कॉटकडे गेले. स्कॉट हा कायदा जाणणारा माणूस होता, व त्याने एकेक प्रकरण स्वतंत्रपणे तपासले. एकाचा मुलगा त्याच तुकडीत एकनिष्ठ राहिला होता, म्हणून बापाला त्याने सोडून दिले. रायलीचे प्रकरण समोर आले तेव्हा त्याच्या अधिकाऱ्यांची इच्छा उघड होती. सर्वांचा म्होरक्या तोच. त्याला सोडून इतरांना फाशी द्यावी कशी? परंतु रायलीने छावणी सोडली तो दिवस १२ एप्रिल, युद्ध जाहीर झाले तो दिवस १३ मे. शांततेच्या काळातील पलायनास कायद्यात देहान्त नव्हता. स्कॉटने कायद्याचे अक्षर पाळले. रायलीला पन्नास फटके, गालावर डाग आणि तुरुंग, अशी शिक्षा कायम झाली.

१० सप्टेंबर १८४७ रोजी सान आंहेल येथील सान हासिंतो चौकात सोळा जणांना फाशी देण्यात आले. त्याच ठिकाणी रायलीस व आणखी काही जणांस झाडांना बांधून उघड्या पाठीवर चाबकाचे फटके मारले, आणि पळपुटा या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर ‘डी’ तापल्या लोखंडाने त्यांच्या गालावर उमटविले. दुसऱ्या दिवशी मिश्कोआक येथे आणखी चौघे फासावर गेले. राहिलेल्या तीस जणांची कथा सांगताना लेखणी अडखळते. १३ सप्टेंबरच्या पहाटे त्यांना मिश्कोआक येथे गाड्यांवर उभे करून गळ्यात फास अडकविण्यात आले. समोर दूर चापुल्तेपेकचा किल्ला, आणि त्यावर अमेरिकन सैन्याचा हल्ला चाललेला. कर्नल हार्नी याने हुकूम दिला की, किल्ल्यावर अमेरिकेचे निशाण चढेल त्या क्षणी गाड्या हाकाव्या. त्या तिसांत फ्रान्सिस ओकॉनर नावाचा एक शिपाई होता. त्याचे दोन्ही पाय लढाईत जायबंदी होऊन कापून टाकलेले. वैद्याने तो मरणोन्मुख असल्याचे कळविले असताही हार्नीने त्याला इस्पितळातून आणविले. ते तीस जण उन्हात फासाखाली उभे राहून सकाळभर लढाई पाहत होते. साडेनऊच्या सुमारास निशाण चढले.

शपथ मोडणाऱ्या शिपायास शिक्षा देण्याचा अधिकार प्रत्येक सैन्यास आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु त्या युद्धात अमेरिकन सैन्यातून नऊ हजारांहून अधिक शिपाई पळाले. त्यांपैकी अशी सामूहिक फाशी फक्त या पन्नास जणांच्या नशिबी आली. शिक्षा देणे वेगळे आणि शिक्षेचा तमाशा मांडणे वेगळे. पहिल्याने कायदा राहतो, दुसऱ्याने केवळ सूड राहतो. एकीकडे रायलीसारख्या म्होरक्याला कायद्याच्या अक्षरासाठी वाचविणारा स्कॉट आणि दुसरीकडे पाय नसलेल्या माणसाला फासावर चढविणारा हार्नी. एकाच सैन्यात दोन्ही होते. राष्ट्राची पारख करताना दोघांचीही गणना केली पाहिजे.

२ फेब्रुवारी १८४८ रोजी ग्वादालुपे हिदाल्गो येथे तह झाला. मेक्सिकोने, टेक्सास धरून, आपला निम्म्याहून अधिक मुलूख गमावला. तुरुंगातील संत पॅट्रिकवाल्यांची सुटका झाली. रायलीही सुटला व पुन्हा मेक्सिकोच्या सैन्यात रुजू झाला. गालावरचा डाग झाकण्यासाठी त्याने केस वाढविले होते, असे सांगतात. त्याच वर्षी राजकारणाच्या गडबडीत सरकारला त्याचा संशय येऊन तो काही काळ अटकेत पडला, व ती पलटणही मोडण्यात आली. १८५० मध्ये प्रकृतीच्या कारणाने तो सैन्यातून निवृत्त झाला. येथे त्याची लष्करी चाकरी संपते.

परंतु मेक्सिको त्याला विसरला नाही. सान आंहेलच्या त्याच चौकात १९५९ मध्ये एक शिलालेख बसविण्यात आला व त्यावर पलटणीतील एकाहत्तर जणांची नावे कोरली गेली. १९९७ मध्ये, दीडशे वर्षे झाली तेव्हा, आयर्लंड व मेक्सिको या दोन्ही देशांनी त्यांच्या स्मरणार्थ टपालाची तिकिटे काढली. मेक्सिकोच्या लोकसभेच्या भिंतीवर पलटणीचे नाव सुवर्णाक्षरांत लिहिले गेले. चुरुबुस्कोचा तो मठ आता परकीय आक्रमणांच्या इतिहासाचे संग्रहालय आहे. दरवर्षी १२ सप्टेंबरला अटलांटिकच्या काठावरील त्या लहानशा क्लिफ्डन गावात मेक्सिकोचे निशाण चढते. जो मुलगा पोटासाठी गावातून निघून गेला, त्याच्यासाठी गाव आज परक्या देशाचे निशाण लावते! घर सोडलेल्या माणसाचे घराशी नाते तुटत नाही, याहून दुसरा पुरावा कोणता हवा?

मग रायली फितूर की वीर? वर्गात हा प्रश्न आम्ही विद्यार्थ्यांपुढे अनेकदा ठेवला. निम्मी मुले एक म्हणत, निम्मी दुसरे. एके वर्षी मागच्या बाकावरील एका अबोल मुलाने उठून विचारले, “गुरुजी, त्याला पहिल्या छावणीत माणसासारखे वागविले असते, तर तो नदी ओलांडून गेला असता का?” आम्ही त्या दिवशी पुढचा धडा घेतला नाही. आमचे स्वतःचे मत विचाराल तर असे आहे: रायलीने घेतलेली शपथ मोडली, हा दोष त्याच्या माथी राहीलच. शपथ ही कागदावरची शाई नव्हे. परंतु त्या दोषाचा अर्धा वाटा ज्यांनी त्याचे हात घेतले व माणूसपण नाकारले त्यांच्याही माथी जातो. आणि दुसऱ्यांदा दिलेला शब्द त्याने मोडला नाही, हारत्या बाजूकडे राहून पाठीवर फटके व गालावर डाग घेतले, हे त्याच्या पदरी जमा धरावेच लागते.

ज्ञातिबांधवांसाठी या कथेत आणखी एक बोध आहे आणि तो सांगून आम्ही हा लेख संपवितो. मॅकिनॅक बेटावर उतरलेला रायली एकटा होता. ज्या आयरिशांनी एकटे राहायचे नाही असे ठरविले, त्यांनी काय केले, ते पाहा. न्यूयॉर्कमध्ये १८३६ मध्ये त्यांनी एन्शंट ऑर्डर ऑफ हायबर्नियन्स ही परस्परसाहाय्याची संघटना काढली. १८४१ मध्ये आयरिश एमिग्रंट सोसायटी स्थापन झाली. बंदरावर उतरणाऱ्या नवख्या माणसाला दलालांच्या तावडीतून सोडवावे, कामधंदा दाखवावा, त्याचे पैसे घरी सुखरूप पोहोचवावे, हे तिचे काम. तिच्याच पुढाकाराने १८५० मध्ये मोलकरणी व मजूर यांच्या ठेवींवर एक बचतपेढी उभी राहिली. ज्या जमातीच्या मुलांना एकेकाळी सात डॉलरांवर उन्हात बांधून ठेवीत, त्या जमातीचा पणतू १९६१ मध्ये जॉन केनेडीच्या रूपाने अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. हे केवळ तोफेने साधले नाही. वर्गणी, वसतिगृह, पेढी आणि एकमेकांचा हात यांनी साधले.

आपल्या संस्थेचे वसतिगृह, शिष्यवृत्ती निधी व ही स्मरणिका यांचा हेतू याहून वेगळा नाही. गावातून नवा आलेला मुलगा शहराच्या स्थानकावर उतरला, तर त्याला आपला पत्ता ठाऊक असावा. आणि आपल्या गल्लीत, आपल्या दुकानात, आपल्या कारखान्यात परप्रांतातून वा परजातीतून कोणी पोटासाठी आला, तर त्याच्याशी टेलरच्या छावणीसारखे वर्तन आपल्या हातून होऊ नये. पहिली गोष्ट आपण बऱ्यापैकी करीत आलो आहोत. दुसरीचा हिशेब मात्र ज्याचा त्याने आपल्या मनाशी मांडावा. असो.